आधी प्रश्न सांग

तेर, जि. धाराशिव

चि. लेकीस,

रविवारी तेरणेच्या काठावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तिथं दिलं नाही. तुझे डोळे भरले होते, आणि रडत्या लेकरावर मला रागावता येत नाही. आता रागावतो.

इंजिनीअरिंग झालं, नौदलाचं बोलावणं हातात आहे आणि जीव अडकलाय इतिहासात. घरचे म्हणतात, चालून आलेली नोकरी लाथाडू नको. तू विचारतेस, "काका, यातलं कोणतं?" अगं, मी कसं सांगू? दोन तास बोललीस, पण तुला नेमकं काय शोधायचंय ते एकदाही आलं नाही. वर्दी की पुस्तकं, हा प्रश्न नव्हे, ती नोकरीची चौकशी झाली. प्रश्न कोणता आहे तुझा?

महॅन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं नाव तूच काढलंस. "तो आधी नौदलात होता, मग इतिहासकार झाला," म्हणालीस, जणू एका एसटीतून उतरून दुसरीत बसला. तसं झालं नाही. १८८४ साली तो पेरूच्या किनाऱ्यावर वॉच्यूसेट नावाच्या जुन्या जहाजाचा कप्तान होता, वय ४४. न्यूपोर्टच्या नव्या नौदल युद्ध महाविद्यालयात शिकवायला ये, असं त्याचा वरिष्ठ नौदल अधिकारी स्टीफन ल्यूसनं कळवलं होतं. शिकवायचं काय, हे मात्र हाताशी नव्हतं. लिमातल्या इंग्लिश क्लबच्या ग्रंथालयात मॉमसेनचा रोमचा इतिहास वाचताना त्याला एक गोष्ट खटकली. रोमवर चालून गेलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल खुष्कीनं, आल्प्स ओलांडून इटलीत का शिरला? त्या वाटेत त्याचं निम्म्याहून जास्त कसलेलं सैन्य गळालं. समुद्रानं आला असता तर? आला नाही, कारण समुद्र रोमच्या ताब्यात होता.

त्या खटक्याच्या मागं पुढची सगळी वर्षं गेली. व्याख्यानं झाली, त्यांतून १८९० चं सागरी सत्तेवरचं पुस्तक झालं, आणि तेही प्रकाशक सहजासहजी घेईनात. पुस्तक गाजल्यावरही १८९३ मध्ये वरिष्ठांनी त्याला मनाविरुद्ध शिकागो जहाजावर धाडलं. त्याच जहाजावरून तो इंग्लंडला पोचला आणि १८९४ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांनीही त्याला सन्मानाची पदवी दिली. पुढं, १९०२ मध्ये, तो अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या संघटनेचा अध्यक्षही झाला. हवाई बेटं गिळावीत असं तो उघड लिहायचा, ते मला कधीच पटलं नाही. पण वर्दीत असो की नसो, प्रश्न त्याच्या खिशात होता. पद आलं, गेलं. प्रश्न गेला नाही.

माझा गेला. म्हणून तर एवढा चिडतोय.

मी इंजिनरूममधला खलाशी. पंधरा वर्षं नोकरी. चोविसाव्या वर्षी पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी प्रवासग्रंथाचा एक उतारा वाचनात आला. पहिल्या शतकातल्या कुण्या ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलंय, की पैठण आणि तगरचा माल गाड्यांनी, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, गुजरातेतल्या भडोच बंदराला जातो. तगर म्हणजे आपलं तेर! इथलं कापड समुद्रापार जात होतं, आणि माझी आजी समुद्र न बघता मेली. पण भडोचला का? कल्याण कितीतरी जवळ. त्याच ग्रंथात पुढं आहे, की कल्याण बंदर अडवलेलं होतं आणि तिथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. म्हणजे किनाऱ्यावर कुणीतरी बंदर दाबून धरलं, म्हणून तेरच्या बैलांना इतका वळसा! पैठणचे सातवाहन आणि गुजरातेकडचे क्षत्रप या राजघराण्यांचं भांडण आपल्या वेशीपर्यंत पोचलं होतं, ते असं.

मी हे वहीत लिहिलं. एका वरिष्ठानं वही बघितली आणि म्हणाला, तू तेलाची पातळी बघ. मी वही ट्रंकेत टाकली ती एकोणीस वर्षं. दोन बहिणींची लग्नं होती, वडिलांचं दुखणं होतं, रजा मिळत नव्हती. खोटं नाही यातलं काही. तुझ्या काकूला विचार, मी एक दिवस रिकामा बसलो नाही. तरीही रोज पाच ओळी लिहायला कुणी अडवलं होतं? त्या वरिष्ठाला मी उगाच इतकी वर्षं दोष दिला. ट्रंकेला कुलूप मीच लावलं होतं.

म्हणून पुन्हा तेच. आधी प्रश्न, मग वर्दी. प्रश्न असेल तर नौदलात जा, बिनधास्त जा. बंदर कसं अडवतात, वारा फिरला की जहाजाचं काय होतं, हे तुला अंगानं कळेल, आणि ते पुस्तकात डोकं घालून कळत नाही. प्रश्न नसेल तर एम. ए. करूनही तू दुसऱ्यांचीच टिपणं उतरवत बसशील. पोरी, तुझ्यात धग आहे, म्हणून तर बोलतो. नाहीतर चहा पाजून पाठवलं असतं.

माझं अजून एक अडलंय. तो ग्रीक म्हणतो, पैठणपासून तगर दहा दिवसांवर, पूर्वेला. तेर आहे आग्नेयेला. अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, म्हणजे दिवसाला पंधरा. भरल्या गाडीला ते जमतं असं शेजारचे बैलवाले सांगतात, पण मला स्वतः बघायचंय. दिवाळी झाली की पैठणपर्यंत पायी निघणार आहे, गुडघे काहीही म्हणोत. तुझी रुजू व्हायची तारीख तोवर आली नसेल तर ये. वही आण. पहिल्या पानावर एकच ओळ लिहिलेली असू दे, शेवटी प्रश्नचिन्ह असलेली.

तुझा,
काका