व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी पहिले बाण घेताना

पहिलाच सीझन ना? मग वेगाचा नाद सोड. हलका बाण सुसाट जातो, पण हरणाच्या फासळ्यांतून आरपार जायला वजन लागतं. टोकासकट 400 ते 500 ग्रेन, म्हणजे 26 ते 32 ग्रॅम, पुरे.

आधी स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, बघ. आकडा लहान तितका बाण ताठ. 340 हा 400 पेक्षा कडक. धनुष्याचं ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) आणि बाणाची लांबी सांगितलीस की दुकानदार तक्त्यावरून काढून देईल. कुणाचे उरलेले बाण घेऊ नकोस.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, 100 ग्रेनचा, सरावाचं टोकही तेवढ्याच वजनाचं. तरी जंगलात जाण्याआधी ब्रॉडहेड लावून नेम तपासच, तो बऱ्याचदा वेगळीकडे लागतो.

कार्बनचा बाण दर वेळी कानाजवळ हलकेच वाकवून बघ. करकरला की मोडीत काढ. सुटताना फुटला तर तुकडे थेट हातात घुसतात.