तळ्याची जागा आधी, प्लॉटच्या रेषा नंतर

प्रश्न : दहा हेक्टर गवताळ माळावर बिझनेस पार्क व्हायचा आहे. प्लॉट टप्प्याटप्प्याने विकले जातील. लेआउटमध्ये उरलेल्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं तळं दाखवलंय. त्याचा आकार कसा ठरवायचा?

उत्तर : आकाराआधी तो कोपरा कंटूर नकाशावर (जमिनीची उंची-सखलता रेषांनी दाखवणाऱ्या नकाशावर) तपासा. तो सगळ्यांत सखल नसेल तर पाणी पंपाने न्यावं लागेल, आणि वीज जाते ती नेमकी मोठ्या पावसात. सखल भाग आधी राखा, मग प्लॉट पाडा.

प्राथमिक हिशेब सोपा आहे. अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) गुणिले पावसाची तीव्रता (मिमी प्रतितास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले 360; उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. माळासाठी गुणांक 0.3 आणि छपरं-डांबर झाल्यावर 0.8 धरू. ताशी 60 मिमी पावसाला आज 0.5 घनमीटर वाहतं, उद्या 1.33 वाहील. ओढ्यात आजच्याइतकंच सोडायचं, तर तासाभराच्या पावसात सुमारे 3000 घनमीटर अडवावं लागेल. दीड मीटर खोलीला 2000 चौरस मीटरचा पसारा झाला; काठांचे उतार आणि गाळ काढणारं यंत्र उतरायची वाट धरून किमान 3000 चौरस मीटर राखा.

पण हा आकडा जागा राखण्यापुरताच. पक्क्या जमिनीवरून पाणी लवकर गोळा होतं, त्यामुळे आरेखनासाठी धरायची तीव्रताही वाढते. वर आपण ती दोन्हीकडे सारखीच धरली. शिवाय तळं भरतं ते दर वेळी जोरदार सरीनेच असं नाही, मध्यम पण लांबलेल्या पावसानेही भरतं. म्हणून अंतिम आरेखनात अर्ध्या तासापासून 24 तासांपर्यंतचे पाऊस तपासून त्यातला सर्वांत मोठा साठा घ्यावा. वरच्या बाजूच्या जमिनीतून येणारं पाणी तळ्यात घेऊ नका, हद्दीलगत वेगळा चर काढून ते थेट ओढ्याला न्या. नकाशात हे पाणी दाखवायचं हमखास राहून जातं.

प्रश्न : तळ्यातून पाणी सोडायला एकच पाइप पुरेल का?

उत्तर : मोठ्या पावसाच्या हिशेबाने पुरेल, पण नेहमीच्या पावसात तो निकामी ठरेल. पाइपाच्या तोंडाच्या मध्यापासून वर 1.2 मीटर पाणी असताना सेकंदाला 0.5 घनमीटर सोडायला साधारण 470 मिमी व्यासाचं तोंड लागतं. छोट्या सरींचं पाणी त्यातून जवळजवळ न अडता निघून जातं, आणि ओढ्याचे काठ खचतात ते वारंवार येणाऱ्या याच लोंढ्यांनी. म्हणून तळाशी लहान भोक, वर मोठं तोंड, त्याहून वर सांडवा, आणि सांडव्यावरच्या महत्तम पाणीपातळीपासून बांधाच्या माथ्यापर्यंत किमान 300 मिमी मोकळी जागा ठेवा. लहान भोक पाला-प्लॅस्टिकने तुंबतं, तेव्हा पुढे तिरपी जाळी हवीच. सांडवा भरावावर नव्हे, मूळ घट्ट जमिनीत काढावा. पाणी पडतं तिथे दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करावं.

ओढ्याची पूरपातळी पाइपाच्या तोंडाहून वर जात असेल तर वरचा हिशेब कोलमडतो. विसर्ग घटतो, कधी पाणी उलटं आत शिरतं. फ्लॅप गेट (फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप) आत येणारं पाणी रोखेल, पण तळ्यात साठलेलं बाहेर काढणार नाही. त्यासाठी साठाच वाढवावा लागतो.

प्रश्न : प्रत्येक प्लॉटधारकाने शोषखड्डा केला तर तळं वगळता येईल?

उत्तर : लहान करता येईल, वगळता येणार नाही. शोषणाची चाचणी खड्ड्याच्या प्रत्यक्ष तळपातळीवर घ्या आणि मिळालेल्या वेगाच्या निम्माच हिशेबात धरा. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलपातळी यांत किमान एक मीटर अंतर हवं. शोषखड्ड्याच्या जागेवरून रोलर किंवा डंपर गेले की माती दबते, चाचणीचा आकडा कागदावरच राहतो. बांधकाम चालू असताना ती जागा कुंपण घालून बंद ठेवा. माल उतरवण्याच्या धक्क्याचं, डिझेल सांडतं तिथलं पाणी शोषखड्ड्यात सोडूच नये.

तळं मात्र पहिल्या टप्प्यातच खोदा. बांधकामाच्या काळात ते गाळ अडवेल; नंतर गाळ उपसून, पातळ्या पुन्हा मोजूनच त्याचा साठा हिशेबात धरा. विक्रीकरारात पक्क्या पृष्ठभागाची कमाल मर्यादा लिहा, कारण सगळ्यांनी फरसबंदी वाढवून गुणांक 0.9 वर नेला तर त्याच तासाभराच्या पावसाला आणखी 600 घनमीटर साठा लागेल, आणि तोवर तळ्याभोवती जागा उरलेली नसेल.