बाईक उभी असताना आवाज नाही, पण चालवताना मागून ‘टक-टक’ येते. इंजिन खोलावं लागेल का?

इंजिन इतक्यात खोलू देऊ नका. हा आवाज बहुधा चेन-स्प्रॉकेटचा (स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) किंवा मागच्या चाकाच्या बेअरिंगचा आहे. इंजिनचा असता तर न्यूट्रलमध्ये रेस केल्यावरही सहसा आलाच असता. खात्रीसाठी मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी तशीच जाऊ द्या. इंजिन आयडलवर आलं तरी टक-टक चाकाच्या वेगानेच चालू राहिली, तर दोष बहुधा मागचाच.

मग गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिन बंदच हवं, नाहीतर चेनमध्ये बोटं जातात. चाक हाताने सावकाश फिरवत चार-पाच ठिकाणी चेन वरखाली करून बघा. एका जागी ताठ, दुसरीकडे लोंबती असेल तर नुसती टाईट करून भागणार नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट सेटच बदला. चेन ठीक असेल तर टायर डावीउजवीकडे हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) बुश गेलंय.

फक्त एक: क्लच दाबला तरी गिअरबॉक्सचे शाफ्ट चाकाबरोबर फिरतच राहतात, म्हणजे आवाज तिथूनही येऊ शकतो. वरचं सगळं ठीक निघालं, तर ऑइल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते तपासा.