चांदीच्या मलमावरून लागलेली आवड, आणि नीट रिपीट करायची का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेकीचा हात गेल्या वर्षी गरम तेलानं भाजला, डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या मलमात चांदी असते हे तिला कळलं आणि तेव्हापासून जस्त, तांबं, कॅल्शियम जखमेत काय काम करतात हेच ती वाचत बसते, नीटला मार्क कमी पडले, मिस्टर म्हणतात एक वर्ष रिपीट कर, ती म्हणते मला केमिस्ट्रीच करायचीये, आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की जखमेचा अभ्यास हे काय करिअर असतं का.

असतं ताई, आणि चांगलं मोठं असतं.

ती जे वाचतीये ते फालतू नाहीये. जखम झाली की रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते नसेल तर गोठण्याची अख्खी साखळीच अडते. मग नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला ताकद देणारे प्रथिनांचे धागे, तयार होताना लोह आणि व्हिटॅमिन सी लागतं, ते धागे एकमेकांना पक्के जोडणारं जे एन्झाइम आहे त्याला तांबं लागतं, आणि जुनं, जास्तीचं कोलॅजन तोडून साफ करणारी जी एन्झाइम्स आहेत ती जस्ताशिवाय चालत नाहीत. म्हणजे बांधणं आणि तोडणं दोन्ही एकाच वेळी चालू असतं. बांधणं जास्त झालं, तोडणं कमी पडलं की डाग जाड होतो, फुगतो, आणि काहींचा तर मूळ जखमेच्या बाहेर पसरतो, त्याला केलॉइड म्हणतात, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो. तुम्ही युनिफॉर्म शिवता म्हणून सांगते, चांगल्या कातडीतले धागे विणलेल्या कापडासारखे सगळ्या बाजूंनी गुंतलेले असतात, डागात मात्र ते बरेचसे एकाच दिशेनं पडतात, म्हणून डागाची जागा मूळ ताकदीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच पोचते, पूर्ण कधीच नाही.

आणि चांदी जंतू मारते हे खरंय, पण नवीन येणाऱ्या पेशींनाही तिचा थोडा त्रास होतोच, मग किती चांदी, किती वेळ, कशातून सोडायची, हा आजही चालू असलेला रिसर्च आहे. 1969 साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी एक काच बनवली जी शरीरात हळूहळू कॅल्शियम सोडते, आधी हाडासाठी होती, आता जखमांसाठीही वापरतात. समुद्री शेवाळापासून कॅल्शियम अल्जिनेटचे धागे काढून ड्रेसिंग बनवतात, जखमेतल्या पाण्यातलं सोडियम आत जातं, कॅल्शियम बाहेर येतं आणि त्या धाग्यांचं जेल होतं. हे मेडिकल टेक्स्टाइल आहे बघा, आणि ज्या घरात बाप टॉवेलच्या लूमवर आणि आई शिलाई मशीनवर आहे त्या घरातल्या पोरीला धाग्याची समज उपजतच असणार, मला तरी याचं फार अप्रूप वाटलं.

आता रस्ता. तिला डॉक्टर व्हायचंच नसेल तर रिपीट करायला लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पेशंट बघायची ओढ असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात ती कुठंच दिसली नाही, सगळीकडं "का होतं" हेच आहे. एक वाट म्हणजे सोलापुरातच केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, पुढं नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. बारावीला तिनं बायोबरोबर मॅथ्स ठेवलंय हे फार बरं केलं, कारण केमिस्ट्रीच्या एमएस्सीला काही आयआयटी बारावीचं मॅथ्स मागतात. दुसरी वाट बी फार्म, चार वर्षं, सीईटीतून, त्यात मलम, जेल, औषध शरीरात कसं सुटतं हे थेट शिकवतात, आणि पीएचडी होईपर्यंत वाट नाही बघायची म्हटलं तरी कंपनीत नोकरी मिळू शकते. घरची परिस्थिती तुम्ही लिहिलीये ती बघता मी बी फार्म आधी धरेन. केरळात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्था आहे, तिथं बायोमटेरियलचं, म्हणजे शरीरात वापरायच्या पदार्थांचं, काम चालतं, पुढं पीएचडीसाठी ते नाव तिला लिहून ठेवायला सांगा.

फीची काळजी लिहिलीत. 2024-25 पासून राज्यात कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रोफेशनल कोर्सला ॲडमिशन घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, ॲडमिशनच्या दिवसांत सेतूत गर्दी होते.

तुम्ही विचारलंत की तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि झिंकच्या गोळ्या घेतल्या तर डाग जाईल का. पाण्यानं डाग जाणार नाही. झिंक शरीरात कमी असेल तरच गोळ्यांचा उपयोग, आणि जास्त घेतलं तर उलट तांबं शरीरात शोषायचं कमी होतं, त्यामुळं मनानं काही देऊ नका. डाग खाजत असेल, जाड होत असेल तर सिव्हिलला स्किनच्या ओपीडीत दाखवा, आणि जाताना लेकीलाच प्रश्न विचारू द्या.