अलिबागच्या बीचवर आमचा घोडा आहे, घोड्या गाभण राहत नाहीत. डॉक्टर अंडाची (वृषणाची) सुईने बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, म्हणतायत, त्याने कायमचा निकामी होईल का?

नाही हो, सराव असलेल्या हाताने केली तर सहसा निकामी होत नाही, पण ही पहिली तपासणी नव्हे, आधी वीर्य, सोनोग्राफी आणि हार्मोनचं रक्त तपासून झालंय ना ते विचारा. मी घोड्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली होतो म्हणून सांगतो, घोडा उभाच असतो, गुंगीचं इंजेक्शन देतात आणि साधारण 14 गेजच्या (जाडीचं माप) सुईने पेन्सिलच्या शिशाएवढा तुकडा काढतात, तोही पुढच्या-बाहेरच्या अंगाने, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कमी. तुकडा टिकवायला साध्या फॉर्मलिनपेक्षा बुइन नावाच्या द्रावणात टाकलेला बरा, नाहीतर पेशी आक्रसतात आणि रिपोर्ट नीट लागत नाही, हे आवर्जून बोला. धोका असतो तो आत रक्त साचण्याचा आणि सूज येण्याचा, म्हणून नंतर काही दिवस राईडा बंद, सूज वाढली तर लगेच फोन. फक्त एक, मे महिन्याच्या उकाड्यात घोडा तापाने पडला होता का? तसं असेल तर सुईची घाई नको, तापानेही वीर्य काही काळ बिघडतं आणि घोड्यात शुक्राणू नव्याने बनायला साधारण 57 दिवस लागतात, दोन महिने थांबून पुन्हा वीर्य तपासा.