जप चालू असतो, मन कुठे असतं?

"मॅडम, बोटं मण्यांवर असतात आणि मन भाजीबाजारात. देवासमोर बसून केलेली ही फसवणूकच नाही का?"

शब्द थोडेफार बदलतात, पण हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी ऐकायला मिळतो. कुणी हरिपाठ म्हणता म्हणता मधल्या ओळी कधी सरल्या ते कळलं नाही म्हणून खंतावलेलं असतं. कुणी मोबाईलवर ध्यान लावून वीस मिनिटं डोळे मिटून बसतं आणि वीसही मिनिटं मनातल्या मनात साहेबांशी भांडत राहतं. आपल्याला काही साधत नाही, आपण खोटे आहोत, अशी टोचणी सगळ्यांच्याच बोलण्यात असते.

त्यातल्या एका ताईंबद्दल इथे लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई चोपन्न वर्षांच्या. घर नाशिकला. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाल्यावर त्यांनी पतसंस्थेतली नोकरी सोडली आणि सहा वर्षं त्यांचं सगळं केलं. सासूबाई गेल्याला आठ महिने झाले होते. ताई माझ्याकडे आल्या त्या मात्र वेगळीच भीती घेऊन. गॅस बंद केला का ते आठवत नाही. कुलूप लावून जिना उतरल्या की पुन्हा वर जाऊन ओढून बघावं लागतं. दूध आठवड्यातून चार वेळा ऊतू जातं, तेही समोर उभं असताना. "आईंचंही असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आता माझी पाळी."

अशा वेळी मी अध्यात्माकडे किंवा मनाकडे लगेच वळत नाही. आधी डॉक्टर. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासलं होतं. बी-१२ कमी निघालं, शाकाहारी घरांत ते पुष्कळदा निघतं, आणि त्यावर औषध सुरू झालं होतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या, त्या ठीक आल्या. रजोनिवृत्तीच्या काळात झोप बिघडते आणि डोक्यात धुकं दाटल्यासारखं होतं, तेही त्यांना समजावून झालं होतं. तरी भीती जात नव्हती.

मी त्यांना विचारलं, "गॅस बंद करताना तुम्ही कुठे असता?"

"ओट्याशीच की."

"आणि मन?"

त्या गप्प झाल्या. मग पर्समधून त्यांनी एक छोटीशी वस्तू काढली. बोटात अंगठीसारखा घालायचा जपाचा काउंटर, निळ्या प्लास्टिकचा, दाबायचं बटण घासून पांढुरकं पडलेलं. त्या दिवशीचा आकडा होता ४,११२. "दिवसभर चालू असतो," त्या म्हणाल्या. पोळ्या लाटताना, रिक्षात, टीव्हीसमोर. आकडा पुढे सरकत होता आणि त्याच वेळी मन भूतकाळातल्या कुठल्या तरी दुपारी फिरत होतं. पोळी, रिक्षा, टीव्ही, नाम, यातल्या कशापाशीच त्या नव्हत्या.

आपण ज्याला विसरणं म्हणतो, त्यातलं बरंचसं विसरणं नसतंच. आठवण्यासाठी आधी नोंद व्हावी लागते आणि नोंद होण्यासाठी त्या क्षणी लक्ष तिथे असावं लागतं. गॅसचं बटण हाताने फिरवलं, पण फिरवल्याचं मनाने पाहिलंच नाही, तर नंतर आठवणार काय? स्मृतिभ्रंशात रोजचा रस्ता चुकतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि विचारल्याचं भानही राहत नाही. ताईंना तर आपण काय काय विसरलो याची यादी तोंडपाठ होती. मी त्यांना एवढंच सुचवलं की बटणावर बोट ठेवायचं, त्याच्याकडे बघायचं आणि ऐकू येईल असं म्हणायचं, "गॅस बंद." जपानमधले रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणतात, ते याचसाठी. दोन आठवड्यांत जिना पुन्हा चढणं जवळजवळ थांबलं.

इथवर सोपं होतं. पुढे माझी चूक झाली.

ताईंना मन ताळ्यावर आणायचं होतं, म्हणून मी त्यांना सगळ्यात सरधोपट उपाय दिला. रोज दहा मिनिटं शांत बसा आणि येणारा-जाणारा श्वास बघा. पुढच्या भेटीला त्या आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. तिसऱ्या दिवसापासून बसलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात, उठून बाल्कनीत जावं लागतं. लेक पुण्याला असते, तिने सुचवलं होतं की आई, दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला जाऊन ये. ताईंना त्याचीही धास्ती बसली. दहा मिनिटं झेपत नाहीत, तिथे दहा दिवस कसे झेपणार?

मी विचारलं, श्वास बघताना डोळ्यांसमोर काय येतं? उत्तर यायला वेळ लागला. सासूबाई शेवटचे पाच दिवस घरीच होत्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ताई उशाशी बसून त्यांचा श्वास बघायच्या. एक आला, आता दुसरा येतोय का. मध्ये खंड पडला की आपलाही श्वास रोखून धरायच्या.

हे मी आधी विचारायला हवं होतं. श्वास सगळ्यांना शांत करतो हे मी गृहीत धरलं होतं. दम्याच्या रुग्णाला, पाण्यात बुडता बुडता वाचलेल्याला, कुणाचा अखेरचा श्वास बघितलेल्याला तो घाबरवू शकतो. इगतपुरीच्या धम्मगिरीत पहिले तीन दिवस आनापान असतं, म्हणजे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावरच लक्ष. ते शिबिर करून आलेली, खरोखर सावरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पण मन खूप दुखावलेलं असताना, घाबरण्याचे झटके येत असताना, लगेच तिकडे धावू नये. प्रवेशाच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. ताईंना मी म्हटलं, आत्ता नको. पुढचं पुढे बघू. (झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ध्यानाच्या वाटेला न जाता आधी माणसाशी बोलावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.)

मग लक्ष टेकवायचं कशावर? मी विचारलं, हाताने करायचं असं कोणतं काम तुम्हाला मनापासून आवडतं? "वाती वळायला," त्या लगेच म्हणाल्या.

पुढच्या भेटीला त्या कापूस घेऊनच आल्या. मला तो अर्धा तास अजून जसाच्या तसा आठवतो. त्यांनी कापसातली सरकी चिमटीने वेचून काढली, कापूस दोन्ही हातांनी ओढून विरळ केला, तळव्यात धरला. मधे बारीक कचरा दिसला तो नखाने उचलला. वाटीतल्या दुधात बोट जेमतेम टेकवून फुलवातीचं टोक पिळलं. मी एवढंच म्हणत होते, कापूस बोटाला कसा लागतोय ते बघा, मन गेलं तर गेलं, कळलं की बोटाकडे या. सहासात वाती झाल्यावर ताई थांबल्या. "गेले होते," त्या म्हणाल्या. "गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा राहिलाय, तिथे."

"कधी कळलं?"

"आत्ता."

"हे जे 'आत्ता' कळलं ना, त्यालाच भान म्हणतात."

त्यांना ते पटेना. त्यांच्या मते मन गेलं म्हणजे नापास, परत आणावं लागलं म्हणजे त्याहून नापास. त्या रोज गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत. मी त्यांना सहाव्यातला सव्विसावा श्लोक काढायला सांगितला. 'यतो यतो निश्चरति', म्हणजे जिथून जिथून हे चंचल मन निसटेल, 'ततस्ततः', तिथून तिथून त्याला आवरून आणावं. शब्द दोनदोनदा आले आहेत. मन पुन्हा पुन्हा जाणार हे गृहीत धरूनच तो श्लोक सांगितलेला आहे. पुढे अर्जुन म्हणतोच की हे मन आवरणं वाऱ्याला धरण्याइतकं अवघड आहे, आणि श्रीकृष्ण ते नाकारत नाहीत, 'असंशयं' म्हणतात. ताईंनी तो श्लोक दोनदा वाचला. इतकी वर्षं गीता हातात असून इकडे लक्ष गेलं नव्हतं, म्हणाल्या.

मन भटकतं म्हणून स्वतःला पापी समजणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते. २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं की आत्ता काय करताय, मन तिथेच आहे का आणि कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन कामात नसताना माणसं कमी सुखी होती. गोड गोष्टींचा विचार करत भटकलेलं मनही, हातातल्या कामात असलेल्या मनाहून जास्त सुखी नव्हतं.

ताईंना आणखी एक अडचण होती, ती श्रद्धेची. गोरा कुंभार नामात इतके दंग झाले की पायाखाली काय तुडवलं जातंय त्याची शुद्ध उरली नाही, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. म्हणजे नामात भान हरपायला हवं ना? आणि मी तर भान ठेवायला सांगत होते. मी त्यांना माझं प्रामाणिक मत सांगितलं. ती कथा भक्तीची थोरवी सांगते, तिच्यापुढे मी हात जोडते. पण त्याच परंपरेत अरणचे सावता महाराज आहेत, ज्यांना मळ्यातल्या कांद्यामुळ्यात, भाजीत विठाई दिसली. कांद्याकडे न बघता ती दिसली नसणार. जात्यावर बसलेल्या जनाबाईंच्या दळणात पीठही पडत होतंच. मला संसारी माणसांसाठी ही वाट जवळची वाटते. आपल्याकडे लग्नाच्या अक्षता पडतात त्या क्षणीही 'सावधान' म्हणतात.

रोज दहा वाती, असं ठरलं. पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी ताईंचा फोन आला, आवाज रडून घोगरा झालेला. त्यांना वाटलं, पुन्हा बिघडलं.

बिघडलं नव्हतं. लक्ष ठेवायला लागलं की शांतता मिळते अशी आपली समजूत असते. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत आधी येतं ते इतके दिवस बाजूला सारलेलं काहीतरी. दिवसभराची घाई आणि चार हजारांचा आकडा यांच्या आवाजाखाली ते दबलेलं असतं.

वाती वळायला ताईंना सासूबाईंनीच शिकवलं होतं, नवी नवरी असताना. शेवटच्या आजारात सासूबाईंचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं, दिवसाकाठी एखादा शब्द. वाती वळता वळता त्या दिवसांतली एक दुपार ताईंसमोर आली. त्या दुपारी त्या पलंगाशेजारी खुर्चीत डोळे मिटून जप करत होत्या. सासूबाई काहीतरी बोलल्या. दोनतीन शब्द होते. ताईंनी डोळे न उघडताच हाताने खूण केली, थांबा, माळ पुरी होऊ दे. माळ पुरी झाली तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

"काय म्हणाल्या असतील हो?" ताई मला विचारत होत्या. हा प्रश्न त्यांनी तोवर कुणालाच विचारला नव्हता, नवऱ्यालासुद्धा. आठ महिने बोट बटण दाबत होतं ते याच प्रश्नावर.

मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. पाणी मागितलं असेल, नाव घेतलं असेल, असं काहीही सुचवून त्यांची समजूत घालणं मला योग्य वाटलं नाही. पुढच्या पाचसहा भेटी आम्ही त्या दुपारीच बसलो. खोलीत पडदा कोणता होता, पंखा कितीवर होता, खूण केली तो हात कोणता. तो हात त्या मांडीवर उलटा ठेवून बघत बसायच्या. सहा वर्षं त्याच हाताने न्हाऊ-माखू घातलं होतं, भरवलं होतं, हे त्यांना मी सांगावं लागलं नाही. एका भेटीत त्या आपणहून म्हणाल्या, "या हाताने वेणीही घालत होते मी त्यांची." अपराधीपण पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याकडे बघता येऊ लागलं, आणि श्वासाची धडधड हळूहळू ओसरली.

जप सोडायला मी कधीच सांगितलं नाही. ताईंनीच काउंटर कपाटात ठेवला आणि तुळशीची माळ काढली. सकाळी एकच माळ, पण बसून. दूध अजूनही कधीकधी ऊतू जातं.

शेवटच्या भेटीत त्यांनी आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. सकाळी माळ चालू होती, साठसत्तर मणी झाले असतील. यजमान दारात येऊन काहीतरी म्हणाले. हात सवयीने वर जायला लागला, थांबा म्हणायला. तो वर जातोय हे त्यांना दिसलं. त्यांनी मणी अंगठ्याखाली तसाच धरून ठेवला, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "बोला."

"नळाला पाणी आलंय," यजमान म्हणाले. "टाकी लावू का?"