‘अशक्य आहे’ असे लेटरहेडवर लिहून मिळेल का?

प्रश्न : मी टपाल खात्यात 28 वर्षे नोकरी करीत आहे. मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला त्याला 92 टक्के गुण होते. अकरावीला भौतिकशास्त्रात 84, रसायनशास्त्रात 71 आणि गणितात फक्त 58 मिळाले. एका ठिकाणचा माणूस नाहीसा होऊन दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतो, त्या टेलिपोर्टेशनच्या वेडाने त्याला झपाटले आहे आणि त्यातच संशोधन करणार असे तो म्हणतो. माझा पुतण्या हिंजवडीत संगणक अभियंता आहे. यानेही तोच मार्ग धरावा असे घरात ठरले आहे. त्याच्या वहीतील सहा पाने फाडून सोबत पाठवीत आहे, त्याला हे ठाऊक नाही. हे शास्त्रीयदृष्ट्या कधीही शक्य नाही, असे आपण आपल्या लेटरहेडवर लिहून दिल्यास तो ऐकेल.
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा अडखळलो ते फाडलेल्या पानांपाशी. ज्या माणसाने 28 वर्षे दुसऱ्याचे पाकीट कधी उघडले नसेल, त्याने घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाची वही त्याच्या नकळत उघडावी, पाने फाडावीत आणि ती एका अनोळखी माणसाकडे पाठवावीत, याचा अर्थ आपण फार घाबरलेले आहात असाच मी घेतो. अन्यथा हे आपल्या हातून झाले नसते. तरीही ते चूक आहे आणि हे मला सर्वांत आधी लिहिले पाहिजे. शिवाय आपण मला प्रश्न विचारलेलाच नाही. निकाल घरात आधीच लागलेला आहे आणि त्यावर उमटवायला आपल्याला माझा शिक्का हवा आहे.

तो शिक्का मी देणार नाही. त्यामागे मुलाची बाजू घेण्याचा हेतू नाही. जे वाक्य आपल्याला लिहून हवे आहे, ते जसेच्या तसे खरे नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

टेलिपोर्टेशन म्हणजे वस्तू इथून उडून तिथे जाते, हा समज चिरंजीवांच्या पहिल्या दोन पानांत आहे आणि आपल्या पत्रातही आहे. प्रयोगशाळेत जे होते ते याहून वेगळे आहे आणि ते समजायला आपल्याइतका योग्य माणूस मिळणे कठीण, कारण ते बरेचसे मनीऑर्डरसारखे आहे. सांगलीच्या खिडकीवर भरलेल्या नोटा मुंबईला जात नाहीत. मुंबईच्या टपाल कार्यालयात रोकड आधीपासून असावी लागते, इकडून फक्त निरोप जातो, आणि पैसे तिकडे मिळतात तेव्हा ते पाठवणाऱ्याच्या हाती राहिलेले नसतात. क्वांटम, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणाऱ्या, टेलिपोर्टेशनमध्येही पलीकडे एक कण आधीच हजर असतो आणि तो अलीकडच्या एका जोडीदार कणाशी अशा रीतीने गुंतलेला असतो की दोघांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. याला एन्टँगलमेंट म्हणतात. ज्या तिसऱ्या कणाची अवस्था पाठवायची, तो आणि अलीकडचा जोडीदार यांचे एकत्र मोजमाप करतात. त्यातून चारपैकी एक उत्तर येते, म्हणजे जेमतेम दोन बिटांची माहिती (एक बिट म्हणजे एक ‘हो’ किंवा ‘नाही’). ती नेहमीच्या मार्गाने, तारेतून किंवा रेडिओ लहरींवरून, पलीकडे कळवली जाते आणि तिच्यानुसार तिथल्या कणावर ठरलेली क्रिया केली की त्याला मूळ कणाची अवस्था प्राप्त होते. मनीऑर्डरशी फरक असा की इथे रक्कम किती आहे हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि त्याने ती मोजून पाहण्याचा प्रयत्न केला तर तीच बिघडते. निरोप पोहोचेपर्यंत पलीकडच्या माणसाच्या हाती उपयोगाचे काहीच नसल्यामुळे हा सारा व्यवहार प्रकाशापेक्षा वेगाने होत नाही. चिरंजीवांनी दुसऱ्या पानावर ‘क्षणार्धात’ असा जो शब्द वापरला आहे, तो त्यांनी खोडावा.

ही कल्पना शास्त्रज्ञ बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी 1993 साली मांडली. 1997 साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाइलिंगर यांच्या गटाने प्रकाशकणांवर प्रयोग करून ती दाखवली आणि 2004 साली इतर गटांनी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, बाबतीतही ते साधले. चीनच्या मिसियस उपग्रहाच्या साहाय्याने 2017 साली तिबेटमधील केंद्रावरून 1400 किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर प्रकाशकणांच्या अवस्था पाठवण्यात आल्या. झाइलिंगर यांना 2022 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले; त्यातही गुंतलेल्या प्रकाशकणांवरील हेच काम होते. तेव्हा ‘टेलिपोर्टेशन अशक्य’ असे मी लेटरहेडवर लिहिले, तर चिरंजीव ते पाच मिनिटांत खोडून काढतील आणि त्यानंतर आपण दोघेही त्यांच्या लेखी संपलो.

माणसाचे काय, हा प्रश्न उरतो. सत्तर किलो वजनाच्या शरीरात साधारण सातावर सत्तावीस शून्ये इतके अणू असतात. प्रत्येक अणूसाठी एकच बिट धरला (तो मुळीच पुरणार नाही) आणि दर सेकंदाला एक लाख कोटी बिट पाठवले, तरी सुमारे 22 कोटी वर्षे लागतील. तोवर सांगली ते पुणे एसटीच बरी. क्वांटम मार्गाने जायचे म्हटले, तर त्या सगळ्या पसाऱ्याला पुरतील एवढे गुंतलेले कण दोन्हीकडे आधीच जपून ठेवावे लागतील, आणि उबदार, ओल्या, सतत हालचाल करणाऱ्या शरीराच्या सान्निध्यात असे नाजूक संबंध टिकत नाहीत. भौतिकशास्त्राचा ज्ञात असलेला कोणताही नियम याला थेट मनाई करीत नाही, पण चिरंजीवांच्याच काय, त्यांच्या नातवंडांच्या हयातीतही कोणी माणूस असा पाठवला जाईल असे मला वाटत नाही. हे माझे मत त्यांना जरूर सांगावे.

मात्र ते सांगताना चौथे पान पुन्हा एकदा वाचावे. त्यावर त्यांनी लिहिले आहे : ‘पलीकडे पोहोचलेला माणूस जर तोच असेल, तर अलीकडच्याचे काय करायचे? दोघेही राहिले तर पगार कोणाला?’ या ओळीखाली आपण लाल शाईने रेघ ओढून ‘वेडेपणा’ असा शेरा दिला आहे. आपण ज्याला वेडेपणा म्हटले, तोच नेमका प्रश्न, कणांच्या पातळीवर, वूटर्स आणि झुरेक या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि स्वतंत्रपणे डिक्स यांनी 1982 साली सोडवला : अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब दुसरी प्रत काढता येत नाही. म्हणून पलीकडची अवस्था तयार होते तेव्हा अलीकडची उरतच नाही. कोणी न शिकवता, वहीच्या पानावर एकटा विचार करीत जो मुलगा या दारापर्यंत आला, त्याच्या डोक्यातले भूत उतरवण्यासाठी मला बोलावले जावे, याचे मला वाईट वाटले. वर्षानुवर्षे माझ्यासमोर बसणारी बहुसंख्य मुले कोणत्या शाखेला किती पॅकेज मिळते यापलीकडे काही विचारत नाहीत, आणि तो प्रश्नसुद्धा बहुधा शेजारी बसलेल्या पालकांनी पढवलेला असतो.

आता चिरंजीवांसाठी थोडे कडू. भौतिकशास्त्रात 84 आणि गणितात 58 या जोडीने या क्षेत्रात पाऊल टाकता येणार नाही. वहीच्या सहा पानांत एकही समीकरण नाही. चित्रे उत्तम आहेत, पण क्वांटम सिद्धान्त चित्रांत मावत नाही, तो मॅट्रिक्स, संमिश्र संख्या आणि संभाव्यता यांत लिहिलेला असतो, आणि हे तिन्ही धडे अकरावी-बारावीच्या गणितातच आहेत. त्यांना कंटाळून टेलिपोर्टेशनची स्वप्ने पाहणे, ही मला पळवाट वाटते. मार्च उजाडेपर्यंत गणित सुधारले नाही, तर मी स्वतः त्यांना दुसरा विचार करायला सांगेन.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही : आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, तशाच विज्ञान अभ्यासक्रमांसाठीची नेस्ट, अभियांत्रिकीसाठी जेईई, सीईटी, किंवा चांगल्या महाविद्यालयातून बीएस्सी करून पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, हे सर्व रस्ते उघडे आहेत. पुतण्याचा रस्ताही बंद होत नाही, कारण केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजूर केलेल्या 6003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला भौतिकशास्त्रज्ञांइतकेच इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचे अभियंते लागणार आहेत, आणि त्यातील क्वांटम संवेदकांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. संशोधनाचा मार्ग लांबचा आहे, पीएचडी होईपर्यंत वयाची सत्ताविशी उलटते, आणि आपल्या निवृत्तीच्या हिशेबात ही वर्षे कशी बसवायची हा आपला प्रश्न रास्त आहे. तो त्यांच्यासमोर आकड्यांनिशी मांडावा. पगार, कर्ज, धाकट्यांचे शिक्षण, जे असेल ते. शास्त्राच्या आडून तो मांडू नये.

यापुढचे पत्र चिरंजीवांनी स्वतः लिहावे. आपल्या पत्राला मी याहून अधिक उत्तर देणार नाही. सहाही पाने स्पीड पोस्टाने परत पाठवली आहेत. पाकिटावर नाव त्यांचे आहे.